दादा पीत नाही, असं मी म्हणाले

माझ्याकडून हे अजून कुणी ऐकलेलं नाही. नवरा गेला, तो न ऐकताच गेला. मुलांना मामा म्हणजे मलेरियानं डोकं गेलेला एक बिचारा माणूस, एवढंच माहीत. तुम्हाला का सांगते आहे? खरंच कळत नाही. तुम्ही समोर बसलेले नाही, ऐकताना तुमचं तोंड कसं होतं ते मला दिसत नाही — म्हणूनच जमत असेल.

मी नर्स होते. पवनीच्या बाजूला, वैनगंगेच्या काठच्या एका गावात सरकारी दवाखाना होता, तिथे. गावाचं नाव नाही सांगत. सगळी नोकरी त्या एका दवाखान्यात गेली, आणि माझ्या तोंडाला लोक टरकायचे. झटके आलेला, बरळणारा, घामानं चिंब झालेला पुरुष गाडीतून उतरवला की मी आधी त्याच्या बायकोला धरायची. पितो का? किती? कधीपासून? शेवटची कधी घेतली? बाई पदर तोंडाशी धरून खाली बघायची. मी ओरडायची — लाज वाटते का सांगायला? माणूस पाहिजे की लाज पाहिजे? मग ती रडत रडत सगळं सांगायची. नवीन येणारे डॉक्टर म्हणायचे, सिस्टर कुणाला सोडत नाहीत. ते असं म्हणाले की मी पाठ फिरवून ट्रे लावायला लागायची.

कारण एकदा ती बाई मीच होते. खाली बघणारी.

थांबा — असं नाही सांगता येणार. आधी दादा सांगायला हवा.

दादा माझा थोरला भाऊ. आई-बाप मी फ्रॉक घालत होते तेव्हाच गेले. वहिनी पहिल्या बाळंतपणात गेली, बाळही गेलं, आणि दादानं दुसरं लग्न केलं नाही. लोकांनी फार मागे लागून पाहिलं. पोरगी शिकून राहिली, एवढंच म्हणायचा. ती पोरगी म्हणजे मी. त्यानं मला नर्सिंगला घातलं, तेव्हा अख्ख्या आळीनं नावं ठेवली होती.

बाजारात त्याचं पितळी भांड्यांचं दुकान होतं. माल भंडाऱ्याहून यायचा. पण लोक भांड्यांपेक्षा त्याच्या अक्षरासाठी यायचे. आमच्याकडे मुलीच्या आंदणाच्या भांड्यांवर नाव घालतात — अमक्याकडून तमकीला. दादा मांडीवर भांडं घ्यायचा, छोटी छिन्नी आणि हातोडी, आणि टिक टिक करत ठिपक्या-ठिपक्यांनी असं सुरेख नाव घालायचा की आंदण बघायला आलेल्या बायका भांड्यावरून बोट फिरवून बघायच्या.

आणि दादा प्यायचा. मोहाची. आठवडी बाजाराला जंगलाकडच्या गावातली एक बाई यायची, टोपलीत मोहफुलांच्या खाली बाटल्या घेऊन. सकाळी दुकान उघडायच्या आधी मागच्या खोलीत एक घोट गेल्याशिवाय त्याच्या हातातली छिन्नी सरळ चालायची नाही. मग दुपारी. मग संध्याकाळी. पण कधी आरडाओरडा नाही, कधी पडला-झडला नाही, तोंडात सदा लवंग. गावाला माहीत नव्हतं. असेलही, पण बोलत कुणी नव्हतं. मला मात्र सगळं माहीत होतं. रिकाम्या बाटल्या मीच विसळून ठेवत होते ना!

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मला स्थळ आलं. मुलगा भंडाऱ्याला सरकारी ऑफिसात कारकून, दिसायला चांगला, स्वभाव मऊ. घराणं माळकरी. मुलाच्या वडिलांनी मध्यस्थाजवळ एकच अट सांगितली होती — हुंडा नको, मानपान नको, पण ज्या घरात पितात तिथे आमची सोयरीक नाही. अशी आधी एक सोयरीक त्यांनी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा झाल्यावर मोडली होती, हेही कानावर आलं होतं.

माझं वय वाढत चाललं होतं. नर्सची नोकरी करणाऱ्या मुलीला तेव्हा स्थळं येत नसत हो. नर्स म्हटलं की लोकांच्या मनात काय काय यायचं, ते तुम्हाला सांगायला नको. हे एक आलं होतं. आणि मला तो मुलगा आवडला होता. ही सबब म्हणून सांगत नाही. भीती कुठून सुरू झाली, ते सांगते आहे.

साक्षगंधाची तारीख ठरली. पाहुणे दोन दिवस आधीपासून येणार, दादाच्या तोंडाजवळ बसणार, त्याच्याशी बोलणार. लवंग कुठवर पुरणार? मी दादाला मागच्या खोलीत गाठलं आणि त्याचा हात माझ्या डोक्यावर ठेवून घेतला. म्हटलं, शपथ घे. साक्षगंध होईपर्यंत थेंब नाही.

त्याचा चेहरा पडला. "कमी करतो वं थोडी थोडी," तो म्हणाला. "एकदम सोडणं नाही जमत मले. आंग कापते."

मी म्हटलं, नाही. थेंब नाही.

मी नर्स होते — हे लक्षात ठेवा. रोजच्या पिणाऱ्यानं एकदम सोडली तर झटके येऊ शकतात, हे ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं. अर्धवट का होईना, ऐकलं होतं. दादा स्वतः मला तेच सांगत होता. पण माझ्या डोळ्यांसमोर फक्त ते माळकरी सासरे होते. मी सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. त्यानं पुन्हा माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाला, "बरं. तुह्या डोक्याची शपथ," आणि ती पाळली. शपथ मोडणारा माणूस असता तर वाचला असता.

पहिल्या दिवशी नुसता घाम. दुसऱ्या दिवशी माझ्या आंदणातल्या गुंडावर नाव घालायला बसला. पाण्याचा मोठा पितळी गुंड, त्यानं माझ्यासाठी निवडून ठेवलेला. मी दारातून बघत होते. छिन्नी घसरत होती. माझ्या नावाचा पहिला 'सु' मुंग्यांची रांग गेल्यासारखा वाकडातिकडा झाला. त्यानं गुंड उचलून नावाची बाजू भिंतीकडे केली आणि इकडेतिकडे बघितलं — कुणी पाहिलं का. मी मागे सरकले. रात्रभर तो जागा होता, छपरात कुणी तरी ठोकून राहिलं म्हणत होता. पाहुण्यांना मी सांगितलं, बहिणीचं लग्न म्हणून झोप उडाली.

साक्षगंधाच्या सकाळी मांडवात चहा चालला होता. दादा स्वतः सासऱ्यांना कप द्यायला गेला. कप-बशी इतकी खडखडत होती की सगळ्यांनी वर बघितलं. आणि मग तो उभ्याचा आडवा झाला. डोळे फिरले, दातखीळ बसली, हातपाय झाडायला लागला. चहा सासऱ्यांच्या धोतरावर. बायका किंचाळल्या. मी — रोज झटक्यांचे पेशंट सांभाळणारी मी — नुसती उभी राहिले.

सासऱ्यांनीच त्याला धरलं. त्यांनीच बैलगाडी जुंपायला लावली. साक्षगंधाचं लुगडं नेसलेली मी माझ्याच दवाखान्यात पेशंटच्या गाडीतून उतरले. गाडीत ते म्हणत होते, "घाबरू नको बाई, देव हाय." मला त्यांचीच तर भीती वाटत होती.

डॉक्टर नागपूरकडचे होते, तरुण, फार चांगले. दादा शुद्धीवर येत होता, पण भलतंच बोलत होता. अंगात ताप होता. चादरीवर बोटानं टिक टिक ठोकत होता, नाव घालत असल्यासारखा. डोळे एका जागी ठरत नव्हते. डॉक्टरांनी नाडी बघितली, हात धरून बघितला, मग विचारलं, "हे पितात का?"

सासरे कॉटच्या पायथ्याशी उभे. मुलगा दारात. माझी मावशी, मध्यस्थ, सगळे. डॉक्टर माझ्याकडे वळले. "सिस्टर, तुमच्या घरचं माणूस आहे, तुम्ही सांगा. पीत असतील तर मी इथे ठेवत नाही. दवाखान्याची गाडी आज नागपूरला जातेय. तिकडे माझे सर अशाच पेशंटना बघतात, झटके उतरवतात आणि दारूही सोडवतात. लगेच पाठवतो."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "नाही सर. दादा पीत नाही."

एवढंच असतं तरी मी कदाचित स्वतःला समजावलं असतं. सगळ्यांसमोर कशी बोलणार होते? पोरगी होते, घाबरले. पण पुढचं ऐका. डॉक्टरांना शंका आलीच असणार. त्यांनी मला ड्रेसिंगच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. "सिस्टर, आता इथे कुणी नाही. मी बाहेर एक शब्द बोलणार नाही. नक्की पीत नाहीत?"

कुणी नव्हतं. खरंच कुणी नव्हतं. मलमपट्टीचं टेबल, काचेचं कपाट आणि तो भला माणूस. सांगून टाकायला काय लागत होतं? पण नागपूरच्या गाडीत दादाला घातलं की सासरे विचारणार, कुठे नेता, कशासाठी नेता. भंडाऱ्यापर्यंत बोभाटा होणार. मी डॉक्टरांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "नक्की, सर. चहाशिवाय कसलं व्यसन नाही."

नर्सवर विश्वास ठेवला त्यांनी. का ठेवू नये? आमच्याकडे ताप, झटके, बरळणं म्हटलं की डोक्यात चढलेला मलेरिया — माणसं पटापट जायची त्यानं. डॉक्टर रक्ताच्या तपासणीसाठी थांबले नाहीत. क्विनाइन सुरू करायला सांगितलं, ग्लुकोजच्या बाटलीतून. बाटली मी टांगली. लुगड्याचा पदर खोचून शीर मी शोधली, सुई मी घातली. पहिल्या झटक्यात लागली, हात जरासुद्धा कापला नाही.

थोड्या वेळानं दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "सुमन, एक घोट दे वं. एकच." सासरे शेजारी स्टुलावर बसले होते. मी म्हणाले, "पाणी मागून राहिला दादा," आणि पेला त्याच्या ओठाला लावला. त्यानं पाणी प्यायलं. आणि माझ्याकडे बघितलं. बरळणारा माणूस असा बघत नाही. त्याला कळलं होतं. त्या क्षणी तो पूर्ण शुद्धीवर होता आणि मी काय केलं ते त्याला कळलं होतं.

त्यानंतर तो पुष्कळ दिवस कुठे तरी भलतीकडेच होता. ताप उतरला, झटके थांबले, अंग धरलं. चालताना पाय फाकवून चालायचा, पण चालायला लागला. लोक म्हणाले, सिस्टरनं भावाला मरणाच्या दारातून ओढून आणलं. मग एका सकाळी तो कॉटवर उठून बसला, माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "सोयरे कवा येतेत? साक्षगंधाची तयारी झाली का?"

मी सांगितलं, झालं सगळं. तो खूश झाला. पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि पुन्हा विचारलं, "सोयरे कवा येतेत?"

तेच. दिवसभर तेच, दुसऱ्या दिवशी तेच, वर्षानुवर्षं तेच. जुनं सगळं आठवायचं — आई, वहिनी, मला शाळेत सोडायला जायचा ते. पण साक्षगंधाची सकाळ त्याच्यासाठी उजाडलीच नाही. त्यानंतरचं काही टिकतच नव्हतं. आत्ता जेवला, आत्ता विसरला. दुकान विकलं. छिन्नी हातात दिली तर नुसता फिरवून बघायचा.

आता जे सांगायचं आहे ते अजून सांगितलेलंच नाही. तुम्हाला वाटलं असेल, खोटं बोलले तो गुन्हा. तो तर आहेच. पण दादाला काही आठवत नाही हे कळलं तेव्हा मला काय वाटलं, माहीत आहे? सुटले, असं वाटलं. दवाखान्याच्या मागे जाऊन मी रडले, लोकांना वाटलं दुःखानं. त्याला ती शपथ आठवत नव्हती. तो पाण्याचा पेला आठवत नव्हता. माझ्याकडे तसं बघितल्याचं आठवत नव्हतं. मला ओळखणारा एकच साक्षीदार होता आणि त्याचं तोंड बंद झालं होतं.

लग्न झालं. माझ्या सेवेनं सासरे भारावले होते, त्यांनीच घाई केली. मी नोकरी सोडली नाही, दादाला घेऊन दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये राहिले. नवरा शनिवारी भंडाऱ्याहून यायचा. आणि रोज सकाळी दादा जागा व्हायच्या आधी मी त्याच्या उशाशी बसायची, जीव मुठीत धरून. आज आठवलं तर? आज डोळे उघडून म्हणाला तर — सुमन, तू खोटं काहून बोलली? तो डोळे उघडायचा, हसायचा, सोयरे कवा येतेत म्हणायचा. मग मी चूल पेटवायला उठायची. अशी माझी रोजची सकाळ.

पुढे मला नागपूरला एका ट्रेनिंगला पाठवलं. दारूचे पेशंट बघणारे एक म्हातारे डॉक्टर शिकवायला होते. त्यांनी फळ्यावर काही लिहिलं नाही, नुसतं सांगितलं. म्हणाले, पिणाऱ्या माणसाच्या अंगात बी-वन जीवनसत्त्व उरलेलं नसतं. त्याला आधी बी-वनचं इंजेक्शन द्या, मगच ग्लुकोज. उलटं केलंत तर माणूस वाचेल कदाचित, पण त्याची आठवण जाईल. कुणाच्या पाहण्यात असा पेशंट आहे का, जुन्या गोष्टी आठवतात पण सकाळचं दुपारी आठवत नाही?

मी मांडीवर हात दाबून बसले. बी-वनच्या कुप्या आमच्या दवाखान्यात होत्या हो. ड्रेसिंगच्या खोलीतल्या त्याच काचेच्या कपाटात. त्या दिवशी आमचे डॉक्टर मला विचारत होते तेव्हा त्या माझ्या खांद्यामागे होत्या.

ते डॉक्टर पुढे म्हणाले, "असा कुणी असेल तर उशीर झाला तरी माझ्याकडे घेऊन या. सगळं नाही, पण काही जणांचं थोडंफार परत येतं. महिने उलटले तरी येतं."

वर्गातून बाहेर पडताना त्यांनी स्वतःहून मला विचारलं, कुठला दवाखाना तुमचा? मी सांगितलं. म्हणाले, तिकडे मोहाची फार चालते, पाठवत जा पेशंट. मी म्हटलं, पाठवते.

आणि पाठवले. खोटं नाही सांगत, एवढ्या वर्षांत गावोगावचे पिणारे मी त्यांच्याकडे पाठवले. आधी बी-वन टोचायची, मग बाटली, मग स्वतः एसटीत बसवून द्यायची, कंडक्टरला सांगायची. कितीतरी घरं सावरली. बायका पाया पडायला यायच्या. दादा क्वार्टरच्या ओट्यावर बसून त्या जाणाऱ्यांना हात करायचा.

एकदा नवरा म्हणाला, "एवढ्यांना नागपूरला पाठवून राहिली, एकदा दादाले दाखवून पाहू का?"

जेवायला बसलो होतो. दादा समोरच होता. मी त्याला न्यायचं म्हणजे ते डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार — किती प्यायचे, कधीपासून? आणि उत्तर देऊन मोकळी झाले, तरी पुढे काय? इंजेक्शनं लागू पडली तर? थोडंफार परत आलं तर? ते थोडंफार म्हणजे नेमकं काय आठवेल? मी माझ्या नर्सच्या आवाजात सांगितलं, "काही उपयोग नाही. मलेरियानं गेलेलं परत येत नसते."

नवरा पुन्हा जेवायला लागला. नर्स बायकोशी काय वाद घालणार! दादानं माझ्याकडे बघून मान हलवली आणि त्याला समजावलं, "सुमन म्हणते तर खरं असन. तिले समजते सगळं. म्याच शिकवली तिले."

दादा पुढे बरीच वर्षं जगला. वैनगंगेवरच्या धरणाच्या बातम्या गावात यायला लागल्या तेव्हा साध्या तापानं गेला. सासऱ्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, अशी बहीण मिळायला भाग्य लागते. मी खाली बघत राहिले.

नागपूरची एसटी रोज सकाळी आमच्या क्वार्टरसमोर थांबायची. दादाला मी तिच्यात कधीच बसवलं नाही. तो बरा होईल, याची मला भीती वाटत होती.